राक्षस नुसता मोठा असून भागत नाही

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेत खेळायच्या कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने झाली. त्यात एक जण गेम मास्टर असतो. तो जग उभे करतो आणि त्या जगातील सर्व शत्रूंच्या बाजूने खेळतो. या वेळी नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी या शत्रूंकडे, त्यातही अवाढव्य राक्षसांकडे आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गटात चौघे खेळतात आणि मी गेम मास्टर असतो. मोहिमेच्या शेवटी मी एक प्रचंड राक्षस ठेवला होता, पण तो दोनच फेऱ्यांत मारला गेला. पुढच्या मोहिमेत मी राक्षसाचे हिट पॉइंट्स (तो किती मार सोसू शकतो याचा आकडा) दुप्पट केले, तर लढाई इतकी रेंगाळली की खेळाडू मोबाइल पाहू लागले. यातून मार्ग कसा काढावा? — एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : अडचण हिट पॉइंट्सच्या आकड्यात नसून पाळ्यांच्या हिशेबात आहे. एका फेरीत आपल्या खेळाडूंच्या चार पाळ्या येतात आणि राक्षसाची एकच. प्रत्येक खेळाडूचा वार लागला तर सरासरी १५ हिट पॉइंट्स जातात आणि तीनपैकी दोन वार लागतात असे धरले, तर राक्षस दर फेरीला ४० हिट पॉइंट्स गमावतो. म्हणजे २०० हिट पॉइंट्सचा राक्षस पाच फेऱ्या टिकेल आणि ४०० चा दहा फेऱ्या. परंतु सहाव्या फेरीपासून दहाव्या फेरीपर्यंत खेळाडूंना करण्यासारखे नवे काहीच नसेल, तर आपण राक्षस अवघड केला नाही, फक्त त्याचे मरण लांबवले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने यावर काही उपाय दिले आणि ते इतर खेळांतही उचलण्याजोगे आहेत. पहिला ‘लेजेंडरी ॲक्शन’चा. मोठ्या शत्रूला बहुधा दर फेरीत अशा तीन कृती मिळतात. त्या दुसऱ्या कोणाची पाळी संपताच, एका वेळी एक, अशा करायच्या असतात आणि त्याची स्वतःची पाळी सुरू झाली की त्या पुन्हा भरून येतात. त्यामुळे शत्रू एकटा असला तरी फेरीभर जागा असतो. दुसरा उपाय ‘लेअर ॲक्शन’चा, म्हणजे राक्षसाच्या वस्तीने केलेल्या कृतीचा. इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळ्यांचा, क्रम विसावर आला की त्या गुहेचे छत कोसळते, पाणी चढते किंवा धूर दाटतो. माझ्या मते या दोहोंत दुसरा उपाय अधिक सरस आहे, कारण पहिल्याने राक्षसाचे वार वाढतात, तर दुसऱ्याने खेळाडूंना उभ्या जागेवरून हलावे लागते.

तिसरा उपाय ‘लेजेंडरी रेझिस्टन्स’चा, बचावाचा फासा फसला तरी राक्षस तो यशस्वी झाला असे ठरवू शकतो, बहुतेक वेळा दिवसातून तीनदा. नियम म्हणून तो आवश्यक आहे, नाहीतर एका मंत्राने राक्षसाचा दगड होऊन खेळ संपतो. पण ज्या खेळाडूने आपला सर्वांत मोलाचा मंत्र खर्च केला, त्याच्या पदरी केवळ ‘काही झाले नाही’ एवढेच पडते. त्याऐवजी त्या बचावाची किंमत सर्वांच्या डोळ्यांदेखत वसूल करावी. राक्षसाने पहिल्यांदा मंत्र झुगारला की त्याचे एक शिंग तडकावे आणि त्या शिंगातून येणारी वीज बंद पडावी. दुसऱ्यांदा झुगारला की त्याचा एक पंख निकामी व्हावा. मग मंत्र फुकट गेला असे वाटत नाही आणि उरलेल्या बचावांचा हिशेबही खेळाडूंना लागतो.

एवढे केल्यावरही लढाईला टप्पे हवेतच. वाल्मीकी रामायणातील कुंभकर्णवध या दृष्टीने मुद्दाम वाचावा. राम त्याचा एक हात तोडतो, मग झाड उपटून धावून येणारा दुसरा, मग पाय, आणि तरीही तो तोंड पसरून चालून येतो. तेव्हा बाणांनी त्याचे तोंड बुजवून शेवटी शिर उडवले जाते. शिवाय तुटलेला हात खाली पडतो तोच मुळी वानरसेनेवर आणि त्याखाली वानर चिरडले जातात. राक्षसाचा प्रत्येक अवयव तुटताना त्याचे एक सामर्थ्य जाते, रणांगण बदलते आणि आपल्याच बाजूला नवे संकट उभे राहते. आपल्या २०० हिट पॉइंट्सचे ५०-५० चे चार भाग करून प्रत्येक भाग एकेका अवयवाला जोडला, तर आकडा तोच राहील, पण खेळाडूंना दर फेरीला ‘आधी काय तोडायचे’ यावर वाद घालावा लागेल. हा वाद रंगला की मोबाइल आपोआप खिशात जातात.

आणखी एक सूचना. प्रत्येक राक्षसाने मरेपर्यंत लढलेच पाहिजे असे नाही. जुन्या आवृत्त्यांत शत्रूचे मनोधैर्य तपासण्यासाठी सहा बाजूंचे दोन फासे टाकण्याचा नियम होता. तो परत आणावा. जखमी होऊन पळालेला राक्षस पुढच्या मोहिमेचे कथानक फुकटात देऊन जातो.

प्रश्न : प्रचंड आकाराचा प्राणी टेबलावर आला की तो फक्त एक मोठी बाहुली वाटतो. ‘तो दोनशे फूट उंच आहे’ असे सांगूनही कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. आकार जाणवून कसा द्यावा? — एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : आपण पंचवटीत राहता, म्हणजे उत्तर आपल्या घराजवळच आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर विचारतात. आधी विचारतात, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले? गुडघ्यापर्यंत म्हटले की माणूस थोडा निवांत होतो, कमरेपर्यंत म्हटले की सराफ बाजारातील दुकानदार माल वर चढवतो आणि गळ्यापर्यंत म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. राक्षसालाही असाच एक मारुती हवा. मोहिमेच्या सुरुवातीलाच खेळाडूंना गावाची वेस, देवळाची दीपमाळ किंवा किल्ल्याचा बुरूज दाखवावा. त्यावर त्यांना चढू द्यावे, तिथून खालची माणसे किती लहान दिसतात ते सांगावे. काही बैठकांनंतर राक्षस आला की फुटांचा उल्लेखही करू नये. ती दीपमाळ त्याच्या गुडघ्याला लागली आणि आडवी झाली, एवढे एकच वाक्य बोलावे.

नियमांचा भाग असा, की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये नकाशावरील एक इंचाचा चौकोन पाच फुटांचा मानतात. माणसाला एक चौकोन लागतो, ‘लार्ज’ प्राण्याला दोन बाय दोन, ‘ह्यूज’ला तीन बाय तीन आणि ‘गार्गान्चुअन’ या सर्वांत मोठ्या वर्गाला चार बाय चार किंवा त्याहून अधिक. म्हणजे सर्वांत मोठ्या वर्गाची सुरुवात अवघ्या वीस फुटांच्या चौकोनाने होते. डोंगराएवढा प्राणी या हिशेबात बसवायचा प्रयत्नच करू नये. तो नकाशावर ठेवायची सोंगटी नसून तोच नकाशा आहे, असे समजावे. त्याची पाठ हे एक ठिकाण, मान हे दुसरे, उजवा पंजा हे तिसरे; खेळाडू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चढतात, लोंबकळतात, घसरतात. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. खोबणीत बोटे रुतवून, एकामागे एक, खाली न पाहता चढताना तलवार कोणत्या हातात धरायची हाच मोठा प्रश्न असतो. राक्षसाच्या पाठीवर चढणाऱ्यालाही तोच प्रश्न पडला पाहिजे.

शरीराचे गणितही उपयोगी पडते. उंची दुप्पट केली की वजन आठपट होते, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो, हे गॅलिलिओने १६३८ साली मांडले. पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेले ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात साठ फुटी राक्षसाला हाच हिशेब लावला. माणसाच्या दहापट उंची म्हणजे हजारपट वजन आणि हाडांचा छेद मात्र शंभरपट. परिणामी हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार येऊन पाऊल टाकताच त्याची मांडी मोडेल. कल्पनारम्य खेळात हा नियम पाळण्याची सक्ती अर्थातच नाही. पण तो मोडताना निदान एक कारण द्यावे, कारण त्या कारणातूनच राक्षसाचे वैशिष्ट्य सापडते. पाणी वजन पेलते म्हणून तो धरणाच्या जलाशयातच राहतो आणि दुष्काळात पाणी ओसरले की हतबल होतो. किंवा त्याची हाडे मंत्राने बांधलेली आहेत आणि तो मंत्र म्हणणारी व्यक्ती दूर कुठेतरी जिवंत आहे.

पोटाचा प्रश्न तर त्याहून महत्त्वाचा आहे. हत्तीला रोज सुमारे दीडशे किलो चारा लागतो, मग आपल्या राक्षसाला काय लागत असेल? महाभारतातील एकचक्रा नगरीचा बकासुर मला या बाबतीत सर्वांत जास्त भीतिदायक वाटतो. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा त्याचा ठरलेला आहार असतो आणि घराघराच्या पाळ्या लावलेल्या असतात. भीती त्याच्या दातांत नाही, त्या पाळीत आहे. उद्या कोणाच्या घराची पाळी आहे हे सगळ्या गावाला माहीत असते आणि तरीही गाव रोजचे व्यवहार करत राहते. आपले खेळाडू अशा गावात मुक्कामाला उतरले आणि यजमानांच्या घरी रडारड ऐकू आली, तर राक्षस दिसण्याआधीच त्याचा आकार कळलेला असेल.

उसाच्या पट्ट्यातील वाचकांना याचा अनुभव वेगळ्या रीतीने असतो. निफाड किंवा सिन्नरकडे बिबट्याचा वावर असतो तेव्हा तो फार थोड्यांना दिसतो. पायांचे ठसे दिसतात, कुत्रे नाहीसे होते, वन विभागाचा पिंजरा लागतो आणि रात्री मोटार चालू करायला जाणारा माणूस सोबत शोधू लागतो. राक्षसाचे आगमनही असेच चढत जाणारे असावे.

प्रश्न : माझा खलनायक पहिल्याच भेटीत मोठे भाषण करतो आणि खेळाडू ते पूर्ण होण्याआधीच त्याला मारून टाकतात. त्याला वाचवण्यासाठी मी तो अचानक अदृश्य झाल्याचे सांगितले, तेव्हा सगळे नाराज झाले. — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : त्यांची नाराजी रास्त आहे. खेळाडूंनी जे कमावले ते गेम मास्टरने काढून घेऊ नये. खलनायकाला पहिल्या भेटीत समोर आणायचे, तर तो मरू शकतो हे मान्य करूनच आणावे.

अरण्यकांडातील घटनांचा क्रम पाहा. त्या ज्या जनस्थानात घडतात, ते म्हणजे नाशिक परिसरच, असे आपली परंपरा मानते. शूर्पणखेचा अपमान होतो, ती खराकडे जाते. खर आधी चौदा राक्षस पाठवतो. ते मारले जातात. मग तो दूषण आणि त्रिशिरा यांच्यासह चौदा हजारांची सेना घेऊन स्वतः येतो आणि तोही मारला जातो. त्यानंतर कुठे बातमी लंकेत पोहोचते, आधी अकंपनाकडून आणि मग खुद्द शूर्पणखेकडून. रावण तेव्हाही सेना घेऊन येत नाही, मारीचाला गाठतो. खलनायक घडवण्याचा याहून चांगला आराखडा मला माहीत नाही. प्रत्येक पायरीवर खेळाडूंना पूर्ण विजय मिळतो, कोणालाही अदृश्य करावे लागत नाही, आणि प्रत्येक विजयामुळेच त्याहून मोठ्या शत्रूचे लक्ष त्यांच्याकडे वळते. मुख्य खलनायक प्रत्यक्ष येतो तेव्हा त्याने त्यांच्या लढाया ऐकलेल्या असतात आणि त्यांच्या बळाला बगल देणारी युक्ती त्याच्याकडे तयार असते.

भाषण मात्र काढूनच टाकावे. खलनायकाला काय हवे आहे ते एका वाक्यात स्वतःच्या वहीत लिहावे, आणि ‘जगावर राज्य’ असे लिहिले गेले तर ते खोडून पुन्हा लिहावे. बहिणीच्या अपमानाचा सूड, संपत आलेला वर, मुलासाठी मागितलेले राज्य, असे काहीतरी ठोस असले की तो पुढची चाल काय करील हे आपल्याला आयत्या वेळीही सुचते.

प्रश्न : पुराणांतील असुर आणि राक्षस खेळात जसेच्या तसे घ्यावेत का? कोणाच्या भावना दुखावतील अशी भीती वाटते. आणि न घेतले तर सगळे ड्रॅगन आणि ऑर्क असे परकेच होते. — दोन वाचक, सातपूर आणि सटाणा

उत्तर : नावे घेण्यापेक्षा घडण घ्यावी. रामायणातील कबंधाचे उदाहरण घेऊ. डोके नाही, पोटात तोंड, छातीत एकच डोळा आणि योजनभर लांब हात. हे रूप मनाला येईल तसे जोडलेले नाही. इंद्राच्या वज्राने त्याचे डोके आणि मांड्या धडात दाबल्या गेल्या. मग मी खाऊ कसा, असे त्याने विचारल्यावर इंद्राने त्याला लांब हात आणि पोटात तोंड दिले. रूपाला कारण आहे आणि त्या रूपातूनच त्याची लढण्याची रीत ठरते. तो पाठलाग करू शकत नाही, बसल्या जागी पकडतो. म्हणून राम-लक्ष्मण त्याचे हात तोडतात. आणि सर्वांत सुंदर भाग पुढे आहे. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला अग्नी दिल्यावर तो शापातून सुटतो आणि सुग्रीवाकडे जाण्याचा सल्ला देतो. राक्षसाला मारणे हा शेवट नसून पुढच्या वाटेचा शोध आहे, अशी रचना आपण कोणत्याही नावाने, कोणत्याही जगात वापरू शकता.

रक्तबीजही असाच. त्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा रक्तबीज उभा राहतो, हा खेळाच्या भाषेत एका ओळीचा स्वच्छ नियम आहे आणि तो खेळाडूंची नेहमीची सवयच त्यांच्यावर उलटवतो. फक्त एक पथ्य पाळावे. अशा राक्षसाचे उत्तर गेम मास्टरने एकच ठरवून ठेवू नये. रक्त जमिनीवर पडू न देणे, रक्त न काढता गळा आवळणे, त्याला थंडीने गोठवणे, यांपैकी जे खेळाडूंना सुचेल आणि पटण्याजोगे असेल, ते चालू द्यावे.

भावनांच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. सप्तशृंगगडावर देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यासाठी महिषासुर हे काल्पनिक पात्र नाही, तो त्या श्रद्धेचा भाग आहे. सुरगाणा-पेठ भागातील बोहाड्यात देव-दानवांची जी सोंगे संबळाच्या तालावर नाचतात, तीही गावाच्या पूजेतली असतात. ते मुखवटे टेबलावर शोभेला ठेवण्याची वस्तू नव्हे. उलट चकवा, खवीस, झोटिंग, ब्रह्मराक्षस ही लोककथांतील मंडळी मोकळेपणाने वापरावीत. वाट चुकवणारा आणि त्याच त्या झाडापाशी परत आणणारा चकवा तर एकही वार न करता एक पूर्ण बैठक रंगवू शकतो.

याला जोडून एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. एखादी संपूर्ण जमात जन्मतः दुष्ट दाखवू नये. २०२० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनीही ऑर्क आणि ड्राऊ या खेळातील जमातींना सरसकट दुष्ट रंगवण्याची जुनी पद्धत सोडत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे तर जंगलात राहणारे, काळे, वेगळी भाषा बोलणारे म्हणजे राक्षस, असे चित्र सहज काढले जाते, आणि ते ज्यांच्यावर बेतले जाते ती माणसे आपल्याच जिल्ह्यात राहतात. खलनायक व्यक्ती असावी. तिच्या बाजूच्या लोकांत तिला विरोध करणारेही असावेत.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा मोठ्या भावंडांबरोबर हा खेळ खेळतो. राक्षसांच्या वर्णनाने तो घाबरेल का? — एक पालक, नाशिकरोड

उत्तर : थोडा घाबरेल आणि त्याला ते बहुधा आवडेलही. खेळ सुरू करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी नकोत हे सर्वांनी मिळून ठरवावे. लहान मुलांचे हाल आणि घरच्या माणसांचा मृत्यू या दोन गोष्टी त्याच्यासमोर टाळाव्यात, असे मी सुचवीन. टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेले एक कार्ड ठेवावे. कोणीही त्याला हात लावला की कारण न विचारता तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जावे. मोठ्या भावंडांना मात्र बजावून ठेवावे की कार्डाला हात लावणाऱ्याची थट्टा करायची नाही.

प्रश्न : राक्षसांच्या तयार मिनिएचर, म्हणजे टेबलावर मांडायच्या छोट्या प्रतिकृती, फार महाग पडतात. त्यांच्याशिवाय चालेल का? — एक वाचक, सिडको

उत्तर : उत्तम चालेल. या खेळातील रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि बुलेट हे तीन प्रसिद्ध प्राणी मुळात स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पिशवीतून आले. ती ओबडधोबड खेळणी गायगॅक्स यांनी टेबलावर मांडली, मग त्यांना नावे आणि सामर्थ्ये मिळाली. आपणही मेनरोडवरच्या खेळण्यांच्या दुकानातून विचित्रात विचित्र प्लॅस्टिकचा प्राणी आणावा, तो कुठे राहतो आणि काय खातो ते आधी ठरवावे, हिट पॉइंट्स शेवटी लिहावेत. अवयवांत विभागलेला राक्षस करायचा असेल तर गणपतीनंतर उरलेली शाडूची माती उत्तम. हात, पाय आणि डोके वेगवेगळे करून काड्यांनी जोडावेत, म्हणजे लढाईत तुटलेला भाग खरोखर काढून बाजूला ठेवता येतो.